सांगता येत नाही

या गोष्टीतली माणसांची नावं बदललेली आहेत. जिंतूरमध्ये त्यानं काही फरक पडत नाही, पण कायदा आहे म्हणून बदलली. रेवणप्पांचं नाव तेवढं तसंच ठेवलंय. "माझं बदलून काय करता साहेब, बाकावर तर मीच बसायलोय," असं ते म्हणाले, आणि मला ते पटलं.

बाक माझ्या दवाखान्यासमोर आहे, कडुनिंबाखाली. सिमेंटचा. पाठीवर 'यांच्या निधीतून' एवढंच वाचता येतं. कोणाच्या, ते उन्हापावसानं गेलंय. मी डॉ. उद्धव चारठाणकर, एकतीस वर्षं आत बसतो. रेवणप्पा माझे कंपाउंडर. तेही एकतीस वर्षांपासून आहेत. सकाळी पेशंटना हाक मारायचं काम त्यांचं, आणि ते नावानं हाक मारत नाहीत, गावानं मारतात. "बोरी! या आत. येलदरी, तुमी थांबा जरा. कौसडी, पट्टी सोडून ठिवा." दवाखाना आहे की एसटी स्टँड, असं बाहेरच्याला वाटावं. मी दोनतीनदा सांगून पाहिलं की अहो, माणसाला नाव असतं. ते "हो साहेब" म्हणाले आणि पुन्हा "बोरी!" म्हणून ओरडले. मी नाद सोडला.

दुपारी एक ते तीन दवाखाना बंद असतो. तेव्हा रेवणप्पा डबा खाऊन बाकावर बसतात, आणि तिथं चौकशा येतात.

चौकशी म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. सोयरीक जुळत आली, बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, देण्याघेण्याचं झालं, की सुपारी फुटायच्या आधी मुलाकडचं एक शहाणं माणूस गुपचूप मुलीच्या गावात येतं. शेजारी विचारतं, शाळेत विचारतं आणि शेवटी दवाखान्यात विचारतं. दवाखान्यात म्हणजे मला नाही. मला विचारायला लोक बिचकतात. ते कंपाउंडरला विचारतात. बाकावर शेजारी येऊन टेकतात, सोयाबीनचं बोलतात, पावसाचं बोलतात आणि मग समोर रस्त्याकडे बघत विचारतात, "त्या घरच्या पोरीला काय हाय का?"

मला हे खिडकीतून दिसायचं. ऐकू यायचं नाही, कारण माझा कूलर ट्रॅक्टरएवढा आवाज करतो. माणूस विचारायचा, रेवणप्पा एखादं वाक्य बोलायचे, माणूस उठून जायचा. एकतीस वर्षांत असे दोनेकशे तरी आले असतील. त्या एका वाक्यात काय असायचं ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, मला माहीत आहे.

मागच्या वर्षी परभणीला डॉक्टरांच्या संघटनेनं एक व्याख्यान ठेवलं. विषय होता रुग्णाच्या माहितीची गोपनीयता आणि कायदा. जेवणही होतं, त्यामुळे हॉल भरला. बोलायला ॲडव्होकेट स्वरदा पाथरीकर नावाच्या वकीलबाई आल्या होत्या. वय तीस-बत्तीस, आवाज असा की मागच्या रांगेतले पेंगणारे सर्जनही सरळ बसले. त्या म्हणाल्या, "फाईल तुमच्या कपाटात आहे म्हणून माहिती तुमची होत नाही. लॉकर बँकेचा असला तरी दागिने बँकेचे नसतात. माहिती पेशंटची."

एकानं विचारलं, "पेशंटच्या नवऱ्याला सांगितली तर?"

"पेशंटला विचारून."

"बापाला?"

"मुलगी सज्ञान असेल तर मुलीला विचारून."

यावर हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसलो असेन. मग त्यांनी नव्या कायद्यातले दंडाचे आकडे सांगितले आणि हशा थांबला. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या स्टाफनं सांगितलं तरी जबाबदार तुम्हीच." त्या क्षणी हॉलमधल्या प्रत्येक डॉक्टरच्या डोळ्यांपुढे आपापला कंपाउंडर आला असणार. माझ्या डोळ्यांपुढे बाकासकट आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेवणप्पांना केबिनमध्ये बोलावलं.

"रेवणप्पा, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"माझ्या?" ते म्हणाले.

"तुमच्या. एकतीस वर्षं मी खिडकीतून बघतोय. आता हे बंद. आता कायदा आहे."

त्यावर रेवणप्पा काही बोलले नाहीत. मी त्याला कबुली समजलो आणि मला जोर चढला. म्हणालो, "आणि चांगली शिकलेली माणसं असल्या चौकशा करत नाहीत. आमच्या मैथिलीच्या वेळी केली का कोणी?" मैथिली माझी मुलगी. पाच वर्षांपूर्वी लातूरच्या घरात दिली, आता दोघं पुण्याला असतात.

"तुमचं बरोबर हाय साहेब," रेवणप्पा म्हणाले.

मी त्यांना एक वाक्य कागदावर लिहून दिलं. 'रुग्णाची माहिती सांगता येत नाही.' कोणीही येवो, काहीही विचारो, एवढंच बोलायचं, कानामात्रा बदलायचा नाही. त्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. जाताना वळून विचारलं, "कोनालाच न्हाई सांगायचं?"

"कोणालाच नाही."

"बगा बरं साहेब."

मी हेच वाक्य पाटीवरही रंगवून घेतलं. पेंटरनं खाली त्याहून मोठ्या अक्षरात स्वतःचा मोबाइल नंबर टाकला.

आता शिवानीचं. शिवानी माझी पेशंट आहे, अकराव्या वर्षापासून. आता सव्वीस वर्षांची आहे, इथल्याच एका शाळेत गणित शिकवते. वडील नाहीत. आई गौराबाई पापड-शेवयांचा बचत गट चालवते. शिवानीला काय आहे ते मी इथे लिहिणार नाही. रोज एक गोळी घेते आणि गेल्या आठ वर्षांत तिला त्याचा काडीचाही त्रास झालेला नाही, एवढं लिहायची परवानगी तिनं दिली आहे. नेमकं काय आहे हे कळलं नाही म्हणून तुमच्या पोटात दुखत असेल, तर तुम्हीही बाकावर येऊन बसण्यातलेच आहात.

तिची सोयरीक राणीसावरगावच्या श्रीशैलशी जुळत आली होती. मुलगा गंगाखेडला नोकरीला. दोघं आधी दोनदा भेटले होते, एकमेकांना पसंत होते. श्रीशैलचे मामा नागेशअप्पा जिंतूरचेच, मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजारापाशी, त्यांचं कापडाचं दुकान. त्यामुळे चौकशीचं काम आपसूकच त्यांच्याकडे आलं. नागेशअप्पा म्हणजे गावाला बातमीपत्राची गरज पडू न देणारा माणूस. ते माझेही पेशंट आहेत. कशासाठी, ते सांगता येत नाही.

त्या दिवशी वीज गेली होती, कूलर बंद होता. त्यामुळे मला पहिल्यांदाच बाकावरचं सगळं ऐकू आलं. नागेशअप्पा येऊन टेकले. सोयाबीन झालं, पाऊस झाला. मग ते म्हणाले, "रेवणप्पा, गौराबाईची धाकटी आमच्या श्रीशैलला बगायलोत. काय हाय का तिला?"

रेवणप्पांनी एकदा माझ्या खिडकीकडे बघितलं. मग खिशातला कागद न काढता, शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाले, "रुग्णाची माहिती सांगता येत नाही."

त्यांच्या तोंडून 'माहिती' आणि 'नाही' असे छापील शब्द मी जन्मात ऐकले नव्हते. 'रुग्णाची' मधला 'ण' तर असा खणखणीत वाजला की नागेशअप्पा दचकले. आमच्याकडे माणूस पुस्तकी बोलायला लागला की काहीतरी वाईट असतं. कोर्टाची नोटीस तशी बोलते.

"म्हंजे हाय," नागेशअप्पा हळूच म्हणाले.

"रुग्णाची माहिती सांगता येत नाही."

"लय दिवसाचं हाय का?"

"रुग्णाची माहिती सांगता येत नाही."

"औषधानं जातं, का जलमभर राहतं?"

"रुग्णाची माहिती सांगता येत नाही."

"आरं बाप रे," नागेशअप्पा म्हणाले आणि उठले. चप्पल घालताना त्यांचा तोल गेला.

मी आत खूश होतो. कायदा पाळला जाताना मी प्रत्यक्ष ऐकला होता. मी रेवणप्पांना हाक मारून "शाब्बास" असंही म्हणालो.

संध्याकाळी पाच वाजता राणीसावरगावहून गौराबाईंना फोन आला की आम्ही जरा विचार करून कळवतो. आमच्याकडे याचा अर्थ एकच होतो. सहापर्यंत मोंढ्यात चार वेगवेगळे आजार फिरत होते आणि चारही शिवानीला होते. एक तर असा होता की तो फक्त पुरुषांना होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या ठोक्याला मायलेकी दवाखान्यात आल्या. गौराबाई रडून आल्या होत्या. शिवानी रडली नव्हती, तिचा चेहरा पेपर तपासताना असतो तसा होता. मी घाईघाईनं म्हणालो, "हे बघा, आमच्याकडून एक अक्षर बाहेर गेलेलं नाही. मी स्वतः ऐकलंय."

"गेलं सर," शिवानी म्हणाली. "तुमचं वाक्यच गेलं. 'रुग्णाची माहिती सांगता येत नाही.' त्यात पहिलाच शब्द काय आहे?"

मी मनात वाक्य म्हणून पाहिलं. पहिला शब्द 'रुग्णाची' होता.

"मामांनी विचारलं, काय हाय का. तुमच्या माणसानं सांगितलं की ती रुग्ण आहे, पुढचं सांगता येत नाही. पुढचं मग मोंढ्यानं सांगितलं."

मी पाटीकडे बघितलं. पेंटरच्या नंबराच्या वर ते ठळक लाल अक्षरांत होतं. दहा दिवस मी त्याखालून ये-जा करत होतो.

गौराबाई माझ्याशी बोलतच नव्हत्या. त्या रेवणप्पांकडे वळल्या. "रेवणप्पा, थोरलीच्या येळंला तर तिची औषधं चालू होती. तरी तुमी काय न्हाई म्हनलात, पोरगी ठनठनीत हाय म्हनलात. तिचा संसार झाला. आता हिच्याच येळंला तुमच्या तोंडाला काय झालं वो?"

मी म्हणालो, "एक मिनिट, रेवणप्पा. तुम्ही बाकावर काय सांगायचात?"

"तेच की. काय न्हाई, पोरगी ठनठनीत हाय."

"ज्यांना काही नव्हतं त्यांच्याबद्दल."

"सगळ्यांबद्दल."

"आणि ज्यांना काही होतं?"

"त्यांला बी काय न्हाई, साहेब."

"एकतीस वर्षं?"

"पयल्या वर्षी एकदा खरं सांगितलं व्हतं." ते म्हणाले. "नवा व्हतो. इचारलं, सांगून टाकलं. मला वाटलं, खरं बोलावं मानसानं. सोयरीक मोडली. मग दुसरी आली, ती बी मोडली, कारन पयली मोडली. ती पोरगी अजून मायबापाच्या घरात हाय. मायबाप गेले, तरी तिथंच हाय. तुमच्याकडं येती दर महिन्याला. माझ्याकडं बगत बी न्हाई." मग ते म्हणाले, "तवापासून मी कोनाचं नाव घेत न्हाई. गावानं हाक मारतो."

एकतीस वर्षं मी तिला तपासतोय. तिचा रक्तदाब मला तोंडपाठ आहे. तिचं लग्न का झालं नाही हे मला माहीत नव्हतं, आणि मी ज्या माणसाला तोंडात तीळ भिजत नाही म्हणालो होतो, त्यानं ते मला एकदाही सांगितलं नव्हतं. मला खूप लाज वाटली. ती लपवायला मी म्हणालो, "पण हे खोटं झालं, रेवणप्पा. मुलाकडच्यांची फसवणूक झाली ही."

"ज्येला सांगायचं त्येला पोरगी सांगंल की," रेवणप्पा म्हणाले. "मी कोन सांगनारा?"

"सांगितलंय मी," शिवानी म्हणाली. "पहिल्याच भेटीत. श्रीशैलला सगळं माहीत आहे, गोळीचं नावसुद्धा. तो म्हणाला, मला चालतं, फक्त मामाला कळू देऊ नको. मामाला कळलं म्हणजे जिल्ह्याला कळलं. काल त्याचा फोन आला होता. घरात दोघं-तिघं विरोधात गेलेत. रविवारी सगळे बसणार आहेत. रविवारी नाही झालं तर मग नाहीच."

तो दिवस मंगळवार होता. मी म्हणालो, "मी नागेशअप्पांना फोन करून सांगतो, मुलीला काही नाही म्हणून."

"आता?" शिवानी म्हणाली. "आता कोण विश्वास ठेवेल? आणि उद्या दुसरीबद्दल विचारलं की? तिलाही 'काही नाही' म्हणाल? की पुन्हा कायदा?" तिनं माझ्या टेबलावरचं पेन उचललं, प्रिस्क्रिप्शनचा कागद ओढला आणि माझं वाक्य लिहून 'रुग्णाची' वर काट मारली. वर लिहिलं, 'कोणाचीच'. "कोणाचीच माहिती सांगता येत नाही. सर, एका पोरीबद्दल म्हणालात तर तो आजार होतो. सगळ्या गावाबद्दल म्हणालात तर कायदा होतो. हे तुम्ही एकटीवरच लावून बघितलंत."

"पण बाकीच्यांबद्दल कोणी विचारतच नाही," मी म्हणालो.

शिवानीनं आईकडे बघितलं. गौराबाईंनी डोळे पुसले. बचत गटात तेरा बायका आहेत.

बुधवारी दुपारी एकपासून बाकावर रांग लागली. पहिल्या आल्या गटातल्या गीताबाई, त्यांनी शाळेच्या हेडमास्तरांबद्दल विचारलं. रेवणप्पांनी नवा कागद पाठ केला होता. "कोणाचीच माहिती सांगता येत नाही." गीताबाई "असं का" म्हणून गेल्या आणि जाताना तीन ठिकाणी थांबल्या. दुसरीनं पतसंस्थेच्या चेअरमनबद्दल विचारलं. तिसरीनं रसवंतीवाल्याबद्दल, चौथीनं रसवंतीवाल्याच्या बायकोबद्दल. एकीनं स्वतःच्या नवऱ्याबद्दल विचारलं, ते बहुतेक गटाच्या यादीत नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिलाही तेच उत्तर मिळालं. गुरुवारी गटाबाहेरचे लोकही आले, कारण रांग दिसली की आपल्याकडे माणूस उभा राहतो.

शुक्रवारी सकाळी हेडमास्तरांचा मला फोन आला. "डॉक्टर, माझ्याबद्दल तुमच्याकडे काय सांगता येत नाही म्हणे?"

"कोणाबद्दलच सांगता येत नाही."

"तसं नाही, पण मला काय झालंय?"

"तुम्हाला सांगता येतं. तुम्हाला काही झालेलं नाही."

"मग लोकांना तसं सांगा ना!"

"ते सांगता येत नाही."

असे सतरा फोन आले. रसवंतीवाला स्वतःच आला आणि बाहेर उभं राहून मोठ्यानं खोकून दाखवू लागला, म्हणजे खोकला नाही हे लोकांना कळावं. ते उलटंच झालं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत जिंतूरमध्ये ज्याच्याबद्दल सांगता येतं असा माणूस उरला नव्हता.

शनिवारी दुपारी नागेशअप्पा आले. बाकावर टेकले नाहीत, समोर उभे राहिले. मी कूलर बंद केला.

"रेवणप्पा, माझ्याबद्दल कोन इचारून गेलं?"

"सांगता येत नाही."

"बरं, काय सांगितलंत?"

"कोणाचीच माहिती सांगता येत नाही, असं सांगितलं."

"म्हंजे मला काय तरी हाय, असंच झालं की ते! गिऱ्हाईक पैसे हातात देईना झालंय, काउंटरवर ठिवून मागं सरकायलंय. तुमी खामखा मानसाची इज्जत घालवायलात. मला काय न्हाई म्हनून सांगून टाका."

"अप्पा, ज्येला काय न्हाई त्येचं 'न्हाई' म्हनून सांगितलं, तर ज्येचं सांगितलं न्हाई त्येला 'हाय' असं व्हतंय. म्हनून कोनाचंच न्हाई." रेवणप्पा आता स्वतःच्या भाषेत बोलत होते. "असलं तरी हेच, नसलं तरी हेच."

नागेशअप्पा एक पाऊल जवळ आले. मग म्हणाले, "पुढल्या साली आमच्या रेणुकाचं बगायचं हाय."

"व्हय."

"तिची चौकशी येईल."

"येनारच की."

"तवा काय सांगनार?"

"कोणाचीच माहिती सांगता येत नाही."

नागेशअप्पांची मुलगी रेणुका मला माहीत आहे. तिला काही आहे की नाही ते मी सांगणार नाही. नागेशअप्पांनाही त्या वेळी ते सांगावंसं वाटलं नाही. ते बाकावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून रस्त्याकडे बघत राहिले. एरवी ते चौकशीला आले की असेच रस्त्याकडे बघायचे.

"मंग शिवानीला..." ते म्हणाले आणि थांबले. "जाऊ द्या. इचारत न्हाई."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि तिथंच बसून राणीसावरगावला फोन लावला. त्यांचा आवाज मोठा आहे, कूलर चालू असता तरी ऐकू आला असता. "आरं, मी चौकशी केली पुन्यांदा. तसं काय न्हाई. तिथं सगळ्यांलाच तसं सांगायलेत, कायदा आलाय नवा. मला बी तसंच सांगितलं. हां, मला बी! मंग मला काय हाय का? रविवारी सुपारी फोडून टाका, मी येतो."

रविवारी सुपारी फुटली. तारीख मार्गशीर्षातली निघाली. पत्रिका द्यायला शिवानी स्वतः आली, तेव्हा पाटीकडे बघून तिनं मान हलवली. नवी पाटी त्याच पेंटरनं केली होती. त्यात 'कोणाचीच' बरोबर होतं. नंबर तसाच होता.

ती गेल्यावर दवाखाना रिकामा होता. रेवणप्पा कपाट पुसत होते. मला एक गोष्ट त्या मंगळवारपासून सलत होती. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक फाईल आहे, कुलपात. ती मैथिलीची आहे. ती अकरावीला असताना सात महिने काय चाललं होतं ते मी कोणाला सांगितलेलं नाही, माझ्या भावालाही नाही. त्या सात महिन्यांत दर पंधरा दिवसांनी नांदेडला एसटीनं जाऊन औषधं आणायचे ते रेवणप्पा.

"रेवणप्पा," मी म्हणालो. "मैथिलीच्या वेळी आलं होतं का कोणी? चौकशीला?"

त्यांचा हात कपाटावर थांबला नाही. "आलते की. लातूरहून दोघं. गाडी तिकडं बँकेपाशी लावून चालत आलते."

"काय सांगितलंत?"

"तेच. सगळ्यांला सांगायचो तेच."

शिकलेली माणसं. पाच वर्षं मी लोकांना सांगत होतो की आमच्याकडे कोणी चौकशी केली नाही. ज्या माणसामुळे मला तसं सांगता येत होतं, त्यालाच केबिनमध्ये उभं करून मी बोल लावले होते, आणि तेही मैथिलीचंच उदाहरण देऊन. तेव्हाही तो "तुमचं बरोबर हाय" म्हणाला होता. मी खूप काही बोलणार होतो, पण तोंडातून वेगळंच आलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"मैथिलीताईला सांगितलं व्हतं त्याच दिवशी. म्हनलं, इचारायला आलते, मी काय न्हाई म्हनलोय. आता नवऱ्याला सांगायचं का न्हाई, तुमचं तुमी बगा." त्यांनी फडकं झटकलं. "तिचं व्हतं ते, साहेब. तुमचं न्हवतं."

ते फडकं धुवायला बाहेर गेले. मी खण उघडला, फाईल बघितली, पुन्हा कुलूप लावलं. परभणीच्या हॉलमध्ये 'बापाला' या शब्दावर आम्ही सगळे का हसलो ते मला आता आठवेना.

मी मैथिलीला फोन लावला. तिनं नवऱ्याला सांगितलं होतं का, तो काय म्हणाला, पाच वर्षांत कधी त्यावरून काही झालं का, हे सगळं मला विचारायचं होतं. दोन रिंगांत तिनं उचलला. दुपारच्या वेळी मी कधी फोन करत नाही, त्यामुळे तिचा आवाज घाबरा होता.

"काय झालं बाबा? काही आहे का?"

बाहेर रेवणप्पा बाकावर जाऊन बसले होते. त्यांच्या शेजारी कोणीतरी नवीन पाहुणा येऊन टेकत होता.

"काही नाही," मी म्हणालो.